मॅटरहॉर्न दिसलाच नाही तर? झरमॅटला दोन रात्री राहण्याबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जूनच्या शेवटच्या आठवड्यात चौघं स्वित्झर्लंडला निघालाय. बाबा ७२ वर्षांचे, बीपीची गोळी चालू. आई ६८ वर्षांच्या, गुडघे कुरकुरतात. इंटरलाकेनच्या चार रात्री पक्क्या, युंगफ्राऊयोखचं बुकिंगही झालंय. एजंट म्हणतो, झरमॅटला, म्हणजे मॅटरहॉर्न डोंगराखालच्या गावाला, सकाळी जा, संध्याकाळी परत या. कुणीतरी ओळखीच्यांनी मात्र दोन रात्री राहा म्हणून सांगितलंय. आणि तुम्ही विचारताय, ‘एकच डोंगर बघायला दोन रात्री कशाला? आणि ढग आले तर पैसे पाण्यात?’

मी एकवीस वर्षं पुण्याहून ग्रुप घेऊन युरोपात जाते. झरमॅटला तीसेक वेळा तरी गेले असेन. तेव्हा अनुभवाचं सांगते, पटलं तर घ्या.

तुमची खरी अडचण किती रात्री राहायचं, ही नाहीच. तुम्ही सगळा हिशोब मॅटरहॉर्नवर मांडलाय, आणि त्या सगळ्या गावात ज्याची खात्री कुणीच देऊ शकत नाही अशी गोष्ट तेवढीच एक आहे. झरमॅट हे आधी गाव आहे, नंतर ‘पॉइंट’. गाव बघायला गेलात तर डोंगर दिसण्याची शक्यताही आपोआप वाढते. कशी, ते सांगते.

सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. ३४ जणांचा ग्रुप, इंटरलाकेनहून सकाळी बसने निघालो, टेशला बस सोडून शटल ट्रेनने झरमॅट, तिथून लगेच गोर्नरग्राट या मॅटरहॉर्न बघायच्या उंच ठिकाणाची गाडी. वर पोचलो तर पांढरं. समोर, मागे, खाली, सगळीकडे पांढरं. ठाण्याचे एक काका रेलिंगला टेकून शांतपणे म्हणाले, ‘ताई, असं माथेरानला श्रावणात दिसतं. बरंच स्वस्तात.’ खाली उतरलो, दोन तास घड्याळांच्या आणि चॉकलेटांच्या दुकानांत काढले, परत फिरलो. रात्री हॉटेलच्या लॉबीत सहज झरमॅटचा वेबकॅम उघडला, तर मॅटरहॉर्न नारिंगी प्रकाशात लख्ख उभा! मी तो फोन पटकन खिशात टाकला. काकांना दाखवायची हिंमत झाली नाही.

त्यानंतर मी या डोंगराचं वेळापत्रक नीट बघायला लागले. झरमॅट ज्या वाले प्रांतात आहे तो स्वित्झर्लंडमधला सगळ्यात कोरडा भाग, आजूबाजूच्या उंच रांगा पाऊस अडवतात, त्यामुळे ‘तिथे कायम ढगच असतात’ हे काही खरं नाही. पण उन्हाळ्यात ऊन चढलं की दरीतली हवा तापून वर जाते आणि शिखरांभोवती ढग जमायला लागतात. मॅटरहॉर्नचं आणखी एक: एकटा, सुळक्यासारखा उभा असल्यामुळे वारा त्याला वळसा घालतो आणि आडोशाच्या बाजूला खालची दमट हवा वर खेचली जाते. मग बाकी आकाश निळंशार असतानाही त्याच्या एका खांद्यावर ढगाचा झेंडा फडकत राहतो. तो दिसायलाही सुंदरच असतो, पण फोटोत अर्धा डोंगर गायब. माझ्या अनुभवात सगळ्यात भरवशाची वेळ पहाटेची, त्यानंतर संध्याकाळ उशिराची. आता इंटरलाकेनहून डे-ट्रिपचं गणित मांडा: श्पीत्स आणि विस्पला गाडी बदलून जायला सव्वादोन तास, यायला तेवढेच. आठला निघालात तर सव्वादहाला पोचाल आणि पाचच्या सुमारास निघाल. म्हणजे नेमकी ढगांची वेळ तुम्ही पैसे देऊन विकत घेताय.

दोन रात्री राहिलात तर दोन पहाटा आणि दोन संध्याकाळी मिळतात. जूनअखेरीस सूर्य पावणेसहाच्या आसपास उगवतो. चर्चच्या खाली नदीवर एक पूल आहे, किर्शब्रुके. साडेपाचला तिथे जाऊन उभं राहायचं. स्वेटर, कानटोपी, सगळं घालून. जून असला तरी गाव १६०८ मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जेमतेम चाळीस मीटर खाली. गावातून डोंगराची पूर्वेकडची बाजू दिसते. आधी वरचं टोक तांब्यासारखं लाल होतं, मग तो रंग हळूहळू खाली उतरतो, आणि दहा-पंधरा मिनिटांत सगळं पिवळं होऊन संपतं. तोवर गाव झोपलेलंच असतं. खाली नदीचं पाणी दुधाळ राखाडी, हिमनदीने दळलेल्या दगडाच्या पिठामुळे. याला तिकीट नाही, चढ नाही, उंचीचा त्रास नाही. आईंच्या गुडघ्यांना हॉटेलपासून पुलापर्यंत चालणं एवढंच.

आता गावाबद्दल. याच्यासाठीच मी दोन रात्रींचा हट्ट धरते.

झरमॅट (स्थानिक उच्चार त्सेरमाटच्या जवळचा) म्हणजे ‘कुरणापाशी’. पर्यटक यायच्या आधी हे गरीब, शेळ्यामेंढ्या पाळणारं, राय पिकवणारं गाव होतं. वरच्या थिओडुल खिंडीतून इटलीकडे जाणारी वाट रोमन काळापासून वापरात आहे; खिंडीत रोमन नाणी सापडली आहेत. जमीन सरदारांची, कसणारे गावकरी. पण सोळाव्या-सतराव्या शतकात इथल्या लोकांनी टप्प्याटप्प्याने पैसे मोजून स्वतःला त्या सरदारांकडून सोडवून घेतलं. हे लक्षात ठेवा, पुढे याचा संबंध येतो.

मुख्य रस्त्यावरून, दुकानांच्या गर्दीतून, डावीउजवीकडच्या एखाद्या बोळात शिरून हिंटरडॉर्फ म्हणजे ‘मागचं गाव’ शोधा. लार्च लाकडाची, उन्हाने काळी पडलेली जुनी घरं आणि कोठारं अजून तशीच उभी आहेत, छपरांवर कौलांऐवजी दगडी लाद्या. कोठाराच्या खाली वाकून बघा. लाकडी खांब, त्यावर चाकासारखी गोल, सपाट दगडी तबकडी, आणि त्या तबकडीवर सगळं कोठार. उंदीर खांबावर चढतो, तबकडीपाशी पोचतो आणि तिथून त्याला उलटं लटकून पुढे जाता येत नाही. आमच्या ग्रुपमधल्या सोलापूरच्या एक आजी तिथे पाच मिनिटं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘आमच्या कणगीला हे असतं तर मांजर पाळावं लागलं नसतं.’ बाकीच्या सहलीत त्यांनी काय काय पाहिलं ते त्यांना आठवत नसेल, पण ही तबकडी आठवते. नंतर दोनदा फोनवर त्याबद्दल बोलल्या.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे कुणी आलंच तर पाद्र्याच्या घरी उतरायचं. १८३९ च्या सुमारास गावातल्या लाउबर नावाच्या वैद्याने एक छोटी खानावळ काढली. ती अलेक्झांडर झायलर या माणसाने चालवायला घेतली. मूळचा साबण बनवणारा, याच वाले प्रांतातला, पण या गावचा नाही. १८५५ मध्ये त्याने तिचं नाव ‘मोंते रोझा’ ठेवलं. ते हॉटेल आजही मुख्य रस्त्यावर आहे.

मग १४ जुलै १८६५. एडवर्ड व्हिंपर, २५ वर्षांचा इंग्रज, लाकडावर चित्रं कोरणं हा त्याचा धंदा. त्याच्यासह सात जण याच बाजूने, झरमॅटकडून, ४४७८ मीटरच्या मॅटरहॉर्नवर पहिल्यांदा पोचले. तोपर्यंत व्हिंपरचे बहुतेक प्रयत्न इटलीच्या बाजूने होऊन फसले होते. उतरताना हॅडो हा सगळ्यात कमी अनुभवी गडी घसरला, त्याच्यासोबत वाटाड्या मिशेल क्रो, हडसन आणि लॉर्ड फ्रान्सिस डग्लस ओढले गेले. दुसरा वाटाड्या थोरला टाउगवाल्डर आणि डग्लस यांच्यामधला दोर तुटला. चौघं गेले, तिघं वाचले: व्हिंपर आणि टाउगवाल्डर बापलेक. डग्लसचा मृतदेह कधीच सापडला नाही. दोर तुटला की कापला, यावरून त्या थोरल्या टाउगवाल्डरला आयुष्यभर कुजबुज ऐकावी लागली. चौकशीत तो निर्दोष ठरला तरी. तो तुटका दोर चर्चजवळच्या जमिनीखालच्या संग्रहालयात काचेत ठेवलाय. बोटाएवढा जाड, साधा दिसणारा तुकडा. पोरं त्याच्यासमोर आपोआप गप्प होतात, हे मी कितीदा तरी पाहिलंय. चर्चच्या शेजारी गिर्यारोहकांच्या कबरी आहेत. या डोंगराने आतापर्यंत पाचशेहून जास्त बळी घेतलेत.

आणि याच अपघाताने गाव जगाला माहीत झालं. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण तसंच आहे. दुर्घटनेच्या बातम्या वाचून लोक यायला लागले. १८९१ मध्ये विस्पहून रेल्वे आली, १८९८ मध्ये गोर्नरग्राटची दातेरी रुळांची, सुरुवातीपासून विजेवर चालणारी गाडी. हिवाळ्यात मात्र गाव बंदच असायचं; पहिला हिवाळी हंगाम १९२७-२८ चा.

झायलरचं काय झालं? त्याने गाव उभं केलं, पण गावाने त्याला आपलं मानलं नाही. १८७१ मध्ये त्याने गावकीचा हक्क मागितला आणि गावकऱ्यांनी नाही म्हटलं. भांडण सरकारदरबारी चाललं. हक्क मिळाला १८८९ मध्ये, आणि दोन वर्षांत तो वारला. दरम्यान गावकऱ्यांनी स्वतःच्या श्रमाने गावकीचं हॉटेल बांधलं, झरमॅटरहोफ, १८७९ मध्ये. आजही गावकीच्या मालकीची हॉटेलं आणि रेस्टॉरंटं आहेत. आमच्या ग्रुपमध्ये गोव्याचं कुणी असलं की मला हे समजावून सांगावं लागत नाही. ‘म्हणजे आमची गावकारीच की!’ पिढीजात गावकऱ्यांची सामाईक मालमत्ता, बाहेरच्याला जागा नाही. मला झायलरबद्दल वाईट वाटतं, पण ज्यांच्या पूर्वजांनी पैसे मोजून जमीन सोडवली त्यांचा हट्टही समजतो.

गावात पेट्रोल-डिझेलच्या खाजगी गाड्यांना बंदी आहे. आपण माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाडी सोडतो तसं इथे टेशला सोडायची आणि बारा मिनिटांच्या शटलने वर यायचं. फरक इतकाच की घोड्यांऐवजी विजेवरच्या डबीसारख्या छोट्या गाड्या. त्या आवाज न करता मागून येतात, आई-बाबांना रस्त्याच्या मधोमध उभं राहून फोटो काढू देऊ नका.

शेळ्यांचंही सांगून टाकते, कारण मुलं असतील तर हा गावातला सगळ्यात मोठा कार्यक्रम. पुढून काळ्या, मागून पांढऱ्या, अगदी मधोमध रेघ मारल्यासारख्या. उन्हाळ्यात सकाळी आणि संध्याकाळी त्यांचा कळप मुख्य रस्त्यावरून नेतात. पण हे साधारण जुलैपासून, त्यामुळे तुमच्या तारखांना बहुधा चुकेल.

वर जायचं तर कुठे? इथे तब्येतीवर बरंच अवलंबून आहे, म्हणून सरसकट सांगत नाही. तीन मुख्य पर्याय: सनेगा २२८८ मीटर, गोर्नरग्राट ३०८९ मीटर, आणि केबल कारचं ग्लेशियर पॅराडाइज ३८८३ मीटर. शेवटचं युरोपातलं सगळ्यात उंच केबल कार स्टेशन आहे म्हणून एजंट ते आवर्जून विकतात. त्या उंचीवर ऑक्सिजन समुद्रसपाटीपेक्षा एक तृतीयांशाहून जास्त कमी असतो. तुमचं युंगफ्राऊयोख ३४५४ मीटर आधीच ठरलंय. बर्फाचा अनुभव तिथे होतोच. बाबांना पुन्हा त्याहून वर नेण्यात मला काही अर्थ दिसत नाही. मी तरी साठीच्या पुढच्या मंडळींना तिथे आग्रह करत नाही.

गोर्नरग्राट मात्र करा. पहिल्या दिवशी पोचल्या पोचल्या नको. एक रात्र १६०८ मीटरवर झोपा आणि दुसऱ्या सकाळी लवकरची गाडी पकडा. नऊ किलोमीटरमध्ये जवळपास पंधराशे मीटर चढ, वेळ अर्ध्या तासाच्या थोडा वर. चढताना उजव्या बाजूला बसा. वर उतरल्यावर पहिली दहा मिनिटं काही करायचं नाही, बाकावर बसायचं, पाणी प्यायचं. लोक धावत पायऱ्या चढतात आणि मग डोकं धरून बसतात. बाबांच्या डॉक्टरांना मात्र गोर्नरग्राट आणि युंगफ्राऊयोख या दोन्ही उंचीचे आकडे दाखवून आधी विचारा. बीपी आटोक्यात असलेले पुष्कळ जण माझ्यासोबत आरामात गेलेत, पण बाबांना मी ओळखत नाही. हृदयाचा काही जुना इतिहास असेल तर गोष्ट वेगळी.

वर काय दिसतं? मॅटरहॉर्न एका बाजूला, आणि पाठ फिरवली की चार हजार मीटरवरची शिखरं, एकूण २९. त्यात मोंते रोझा, तिचं टोक ४६३४ मीटर, स्वित्झर्लंडमधलं सगळ्यात उंच. खाली गोर्नर हिमनदी पसरलेली. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हापासून ती डोळ्यांदेखत आकसली आहे. कडेला खडीच्या राखाडी भिंती दिसतील, तिथपर्यंत एकेकाळी बर्फ होता. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्विस हिमनद्यांचा सुमारे दहावा हिस्सा वितळला. थिओडुल भागात तर बर्फाची पाणलोट रेषा हीच सीमा होती. बर्फ सरकला म्हणून स्वित्झर्लंड आणि इटलीला तिथली सीमा नव्याने आखायला बसावं लागलं.

भूगोलाची आवड असेल तर आणखी एक मजा. मॅटरहॉर्नचा वरचा सुळका ज्या खडकाचा आहे तो मूळचा आफ्रिकेच्या बाजूचा. त्याच्या खालचे, झरमॅटभोवतीचे हिरवट खडक एका बुजलेल्या समुद्राच्या तळाचे. तो समुद्र म्हणजे टेथिस या प्राचीन महासागराचाच एक फाटा. तिकडे भारत आशियावर आदळून हिमालय उभा राहिला, तशाच धडकेत इकडे हे आल्प्स. चारी बाजूंनी हिमनद्यांनी कोरून मॅटरहॉर्नला हा पिरॅमिडचा आकार दिला.

परतताना आईंना गुडघ्यांमुळे जमणार असेल तरच रोटेनबोडेनला उतरून रिफेलझे तळ्यापर्यंत चाला, उतार दहा-पंधरा मिनिटांचा. वारा नसेल तर मॅटरहॉर्न उलटा पाण्यात दिसतो. जूनअखेर वाटेत बर्फ उरलेला असू शकतो, स्टेशनवर विचारून घ्या. जमणार नसेल तर हळहळ नको, सनेगाला जा: डोंगराच्या पोटातून जाणारी गाडी पाचेक मिनिटांत वर नेते, आणि खालच्या लाइसे तळ्यापाशी बाकावर बसून तोच देखावा.

तर तुमच्यासाठी मी असं आखलं असतं: पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा, हिंटरडॉर्फ आणि चर्चचा परिसर, संध्याकाळी पूल. दुसऱ्या दिवशी पहाटे पूल, वेबकॅम बघून मग गोर्नरग्राटचं तिकीट. ढग असतील तर त्या दिवशी संग्रहालय, आणि गोर्नरग्राट तिसऱ्या सकाळी. तिकीट आधी काढून ठेवू नका. हाच दोन रात्रींचा सगळ्यात मोठा फायदा. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर झरमॅटपर्यंतचा प्रवास त्यात येतो, गोर्नरग्राटला निम्मं भाडं; हाफ फेअर कार्डवरही निम्मंच.

पैशांचं नाकारत नाही. झरमॅट इंटरलाकेनपेक्षा महाग आहे. बजेट अगदीच ताणलेलं असेल तर टेशमध्ये राहा. मॅटरहॉर्न तिथून दिसत नाही, पण पहाटेची शटल मिळते. आणि दोन्ही जमत नसेल, फक्त डे-ट्रिपच शक्य असेल, तर त्या दिवशी सकाळी वेबकॅम बघून ठरवा. पांढरं दिसलं तर इंटरलाकेनजवळ लाउटरब्रुनेनचे धबधबे बघा, झरमॅट पुढच्या खेपेला.

जेवणाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मराठी माणूस तिसऱ्या दिवशी विचारतोच. रोश्टी म्हणजे किसलेल्या बटाट्याचं थालीपीठच समजा, आईंना आवडेल. मांस नको हे आधी सांगा, त्यात बेकनचे तुकडे घालतात. राक्लेत याच वाले प्रांतातलं: चीज वितळवून उकडलेल्या बटाट्यावर. रात्री उशिरा खाऊ नका, जड पडतं. राय ब्रेड घट्ट आणि आंबूस असतो, बाबांच्या दातांचा विचार करून घ्या. मेतकूट आणि गुरगुट्या भाताचं पाकीट न्या, हॉटेलात किटली मागितली की देतात.